ढालीवरची लाल फुली

काकूंचा फोन आला तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजले होते. “अरे, त्या खालच्या कोपऱ्यातल्या ढालीवर लाल फुली आलीय. मी काहीही केलेलं नाही हं!” संगणक अडला की बहुतेकांच्या तोंडून आधी हेच वाक्य येतं, आणि मला दर वेळी वाईट वाटतं. यंत्र अडतं आणि अपराधी वाटतं ते माणसाला.

या काकू आमच्याच सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. निवृत्त शिक्षिका. विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार म्हटल्यावर मुलानं नवा लॅपटॉप घ्यायचा आग्रह धरला. जुना धडधाकट आहे, मी टाकणार नाही, असं काकूंनी ठामपणे सांगितलं. म्हणून मी त्यावर लिनक्स मिंट टाकून दिलं. मेल, वर्तमानपत्रं, नातवाशी व्हिडिओ कॉल, भिशीचा हिशेब, सगळं बिनबोभाट चाललं होतं. ढालीवर नारिंगी ठिपका आला की अपडेट आलंय, ती खिडकी उघडायची आणि बटण दाबायचं, एवढं त्यांना पाठ होतं. त्या दिवशी मात्र बटण दाबल्यावर पॅकेजांची व्यवस्था तुटली आहे अशा अर्थाचा संदेश आला, आणि पुढे काहीच हलेना.

वर गेलो, पाहिलं. आठवड्यापूर्वी नवा प्रिंटर आला होता. तो लावायला आलेल्या मुलानं प्रिंटर कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हरची फाइल उतरवून घेतली आणि टर्मिनलमधून बसवली. त्या ड्रायव्हरला लागणारी ३२-बिटी लायब्ररी लॅपटॉपवर नव्हती. पॅकेज उलगडलं गेलं, पण जुळवणी पूर्ण झाली नाही. अर्धवट राहिलेलं ते एक पॅकेज मध्ये आडवं पडलं होतं आणि त्याच्यामागे ब्राउझरपासून सिस्टिमचा गाभा असलेल्या कर्नलपर्यंत सगळ्यांची अपडेट्स खोळंबली होती.

नवख्यांसाठी म्हणून बनवलेल्या सिस्टिमवर अपडेटचा संघर्ष झाला तर काय करायचं, या प्रश्नाकडे मी त्या रात्रीपासून जरा वेगळ्या नजरेनं पाहू लागलो. अशा बिघाडांत मी गेली बरीच वर्षं हात घातला आहे. दुरुस्ती बहुतेक वेळा दहा मिनिटांची असते. त्या आधीचा अर्धा तास माणूस घाबरून जे करतो, त्यानं खरं नुकसान होतं.

त्यासाठी संघर्ष म्हणजे नेमकं काय, ते आधी पाहू. मिंटवर प्रत्येक सॉफ्टवेअर पॅकेजच्या रूपात येतं आणि प्रत्येक पॅकेजच्या कपाळावर त्याच्या अटी लिहिलेल्या असतात: मला अमुक लायब्ररी लागते, ती अमुक आवृत्तीची किंवा त्याहून नवी हवी, तमुक पॅकेज घरात असेल तर मी पाऊल ठेवणार नाही. ही पद्धत डेबियनची. इयन मर्डॉक यांनी १९९३मध्ये डेबियन सुरू केलं. पॅकेज प्रत्यक्ष बसवणारं डीपीकेजी आणि त्याच्या वर बसून कोठारातून नेमकी पॅकेजेस शोधून आणणारं ॲप्ट ही दोन अवजारं तिथूनच आली. १९९९च्या डेबियन २.१पासून ॲप्ट लोकांच्या हातात आहे. आज डेबियनवर, उबुंटूवर किंवा मिंटवर अपडेटचं बटण दाबलं की पडद्यामागे हीच जोडी राबते.

हे काम दिसतं तितकं सोपं नाही. डेबियन १२मध्ये ६४,०००हून जास्त पॅकेजेस आहेत. यातली कोणती एकत्र नांदू शकतील हे ठरवणं म्हणजे गणिती कोडंच. युरोपीय संघाच्या पैशातून चाललेल्या एडॉस नावाच्या प्रकल्पात पॅरिसचे संगणकशास्त्रज्ञ रॉबेर्तो दि कॉस्मो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५-०६च्या सुमारास दाखवून दिलं की, एखादं पॅकेज बसवता येईल की नाही हा प्रश्नच सर्वसाधारण रूपात ‘एनपी-कम्प्लीट’ वर्गातला आहे. म्हणजे प्रत्येक वेळी झटकन आणि खात्रीनं उत्तर देणारी युक्ती आजवर कुणालाही सापडलेली नाही. एरवी उत्तर सेकंदात मिळतं, कारण कोठार सांभाळणारी माणसं पॅकेजेस एकमेकांशी जुळती ठेवायला अपार कष्ट घेतात. त्या कोठाराबाहेरून कुणी एक अनोळखी पॅकेज आणून ठेवलं की त्या कष्टांची हमी तिथे संपते.

म्हणून मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही: ॲप्ट जेव्हा ‘जमत नाही’ म्हणून थांबतं, तेव्हा बहुतेक वेळा काहीही मोडलेलं नसतं. मोडू नये म्हणून ते थांबलेलं असतं. रात्री फाटकाशी अनोळखी माणसाला अडवणाऱ्या राखणदारासारखं ते आहे. त्याला ढकलून आत शिरणं शक्य असतं, आणि इंटरनेटवरचे निम्मे सल्ले तेच शिकवतात.

हे कुठवर जाऊ शकतं ते जगानं नोव्हेंबर २०२१मध्ये पाहिलं. यूट्यूबवरच्या ‘लायनस टेक टिप्स’चे लायनस सेबास्टियन महिनाभर लिनक्स वापरून बघायला निघाले होते. त्यांनी निवडलेली सिस्टिम होती पॉप ओएस. तीही उबुंटूच्याच पायावर उभी आणि नवख्यांना सांगितली जाणारी. गेम खेळण्यासाठी त्यांना स्टीम हवं होतं. नेमक्या त्या दिवसांत कोठारातल्या काही पॅकेजांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. खिडक्यांच्या मार्गानं स्टीम बसेना, म्हणून ते टर्मिनलकडे वळले. ॲप्टनं हिशेब मांडला: स्टीम बसवायचं तर डेस्कटॉपच काढावा लागेल. तशी लांबलचक यादी पडद्यावर आली, धोक्याची सूचना आली, आणि पुढे जायचंच असेल तर ‘यस, डू ॲज आय से!’ हे अख्खं वाक्य टाइप करा अशी अट आली. त्यांनी ते टाइप केलं. क्षणात डेस्कटॉप गेला, उरला काळा पडदा.

पुढे बराच काळ दोष कुणाचा यावर वाद झाला. वापरणाऱ्यानं वाचायला हवं होतं, असं अनेक जाणकार म्हणाले. मला ते पटत नाही. संगणकात मुरलेला, रोज यंत्रं उघडून जोडणारा माणूस जर ती सूचना ओलांडून गेला, तर सूचनेतच खोट होती. मजकुराच्या भिंतीत एक महत्त्वाची ओळ गाडून ठेवायची आणि मग ‘सांगितलं होतं की’ म्हणायचं, याला सांगणं म्हणत नाहीत. ॲप्ट बनवणाऱ्यांनीही पुढे तेच मानलं. नव्या आवृत्त्यांमध्ये ते वाक्य टाइप करून अत्यावश्यक पॅकेज काढण्याची वाटच बंद केली; काढायचंच असेल तर वेगळा पर्याय मुद्दाम लिहावा लागतो. एका माणसाच्या फजितीतून लाखोंच्या डेस्कटॉपची सोय झाली.

मिंटची गोष्ट याहून जुनी आणि जास्त गुंतागुंतीची. क्लेमेंट लेफेव्र यांनी २००६मध्ये मिंट सुरू केलं. डेबियनवर उबुंटू आणि उबुंटूवर मिंट अशी ही तीन मजली इमारत. (थेट डेबियनवर बांधलेली एक आवृत्तीही आहे; तिला एलएमडीई म्हणतात.) वरच्या मजल्याला खालच्या मजल्यावरची बहुतेक पॅकेजेस जशीच्या तशी हवी असतात, पण काही मात्र स्वतःची. एकाच नावाचं पॅकेज दोन्ही कोठारांत असेल तर कुणाचं घ्यायचं? मिंट आपल्या कोठाराला ७०० आणि उबुंटूच्या कोठाराला ५०० असं वजन देऊन ठेवतं, आणि ॲप्ट जास्त वजनाचं उचलतं. वापरणाऱ्याला याचा पत्ताही लागत नाही, इतकं ते गुपचूप चालतं.

२०२०मध्ये हे गुपचूप चालणारं काम एकदम उघड्यावर आलं. उबुंटू २०.०४मध्ये क्रोमियम ब्राउझरचं पॅकेज नुसतं टरफल उरलं होतं. ते बसवलं की आतून स्नॅप ही उबुंटूची वेगळी व्यवस्था यायची आणि ब्राउझर तिथून मिळायचा. मिंटला हे मान्य नव्हतं. वापरणारा एक मागतो आणि त्याला न विचारता दुसरंच घरात शिरतं, ही त्यांची हरकत होती. मिंट २०मध्ये स्नॅपला अडवणारी एक छोटी फाइल घालून दिली आणि काही महिन्यांनी मिंटनं क्रोमियम स्वतःच बांधून द्यायला सुरुवात केली. पॅकेजांच्या भांडणामागे अशी धोरणांची भांडणंही असतात. काकूंसारख्या वापरणाऱ्याला त्यातलं काही दिसत नाही. त्यांना एवढंच कळतं की काल मिळणारी गोष्ट आज मिळत नाही.

पण मिंटवर खरी टीका झाली ती अपडेटच्या पायऱ्यांवरून. बरीच वर्षं मिंटचं अपडेट मॅनेजर प्रत्येक अपडेटला १ ते ५ असा क्रमांक द्यायचं. १ म्हणजे निर्धोक, ५ म्हणजे धोक्याचं. ४ आणि ५ क्रमांकाची अपडेट्स आपोआप निवडली जायची नाहीत, आणि कर्नलची अपडेट्स नेमकी त्यांतच असायची. हेतू समजण्यासारखा होता. कर्नल बदलला, वाय-फाय बंद पडलं आणि नवखा माणूस लिनक्सच सोडून गेला, असं होऊ नये. पण कर्नलच्या अपडेटमध्येच सुरक्षेच्या गंभीर भोकांना लावलेली ठिगळंही येतात. २०१३मध्ये उबुंटूच्या एका विकासकानं जाहीरपणे म्हटलं होतं की, अशा यंत्रावरून आपण बँकेचे व्यवहार करणार नाही. मिंटनं तेव्हा आपली बाजू मांडली, पण मुद्दा उरलाच.

मला या वादात दोन्ही बाजूंचं खरं वाटत आलं आहे. घरात एकच संगणक असलेल्या माणसासाठी चालू असलेलं बंद न पडणं ही चैन नसते, गरज असते. दुसऱ्या दिवशी मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो. आणि ठिगळ न लावलेला कर्नल घेऊन वर्षानुवर्षं बसणं म्हणजे दाराला कडी न लावता झोपणं, हेही तितकंच खरं. पायऱ्यांची चूक अशी की, त्यांनी हा निर्णय निर्णय घेण्याजोगी माहितीच नसलेल्या माणसावर टाकला. ४ क्रमांकाचं अपडेट घेऊ की नको हे काकूंनी कशाच्या आधारावर ठरवायचं?

यातून बाहेर पडायची वाट मिंटनं २०१७-१८मध्ये शोधली, आणि ते मिंटचं या प्रश्नातलं सगळ्यात मोठं काम आहे असं मी मानतो. अपडेट रोखून धरण्याऐवजी मागे फिरण्याची सोय करायची. टाइमशिफ्ट हे अवजार १८.३मध्ये आलं आणि २०१८च्या मिंट १९मध्ये सगळ्या व्यवस्थेच्या मध्यभागी बसलं. ते सिस्टिमच्या फायलींचं ठरावीक वेळानं छायाचित्र घेऊन ठेवतं. अपडेटनं काही बिघडलं तर कालच्या छायाचित्रावर बोट ठेवायचं, यंत्र पुन्हा सुरू करायचं, की सिस्टिम काल होती तशी. डेस्कटॉपच उघडत नसेल तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून तिथूनही हे करता येतं. पायऱ्या गेल्या, कर्नलची अपडेट्सही इतरांबरोबर सुचवली जाऊ लागली. २०२२मध्ये मूळ विकासकाला टाइमशिफ्ट सांभाळणं शक्य होईना तेव्हा मिंटनं ते काम स्वतःकडे घेतलं.

मात्र इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. टाइमशिफ्ट म्हणजे आपल्या फोटोंचा आणि कागदपत्रांचा बॅकअप नाही. ते सिस्टिम जपतं. घरच्या फोल्डरला मूळ मांडणीत ते हातच लावत नाही, आणि ते योग्यच आहे. सिस्टिम मागे नेताना कालपासून लिहिलेलं पत्रही मागे गेलं असतं तर कुणी हे अवजार वापरलंच नसतं. शिवाय ही छायाचित्रं त्याच डिस्कवर असतील तर डिस्क गेली की तीही गेली. जागाही बरीच खातात. लहान डिस्कवर मी रोजची दोन आणि आठवड्याचं एक, एवढीच ठेवतो. आणि ते आपोआप सुरू नसतं. पहिल्यांदा आपणच चालू करायचं असतं. मी काकूंकडे पहिल्याच दिवशी ते केलं होतं म्हणून त्या रात्री माझा जीव शांत होता.

आता बिघाडांच्या जातीकडे वळू. माझ्यापाशी आलेल्या यंत्रांमध्ये सगळ्यात जास्त वेळा दोष निघाला तो बाहेरून आणलेल्या कोठारांचा. उबुंटूच्या जगात त्यांना पीपीए म्हणतात. लॉन्चपॅड या साइटवर कुणीही आपलं पीपीए उघडू शकतो आणि एखाद्या सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती तिथे देऊ शकतो. त्यांतली कित्येक उत्तम असतात. पण व्हिडिओ एडिटर नवा हवा म्हणून जोडलेलं पीपीए त्याच्यासोबत व्हिडिओच्या दोन-चार मूळ लायब्रऱ्याही नव्या आणतं. मग वर्षभरानं त्याच लायब्रऱ्यांवर उभं असलेलं दुसरंच पॅकेज मूळ कोठारातून अपडेट व्हायला जातं आणि आवृत्त्या जुळत नाहीत. माणूस तोवर ते पीपीए विसरलेला असतो. मिंटच्या ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’मध्ये देखभालीच्या पानावर यासाठी दोन फार उपयोगी बटणं आहेत: परकी पॅकेजेस काढणारं, आणि परक्या आवृत्त्या मूळ आवृत्तीवर आणणारं. आधी पीपीए बंद करायचं, मग ही बटणं. मोठ्या आवृत्तीवर जाण्याआधी तर हे करावंच. याच पानावर अपडेटच्या याद्या खराब झाल्या असतील तर त्या दुरुस्त करायचं बटणही आहे. टर्मिनलचे कुठले-कुठले सल्ले हुडकणाऱ्या कितीतरी लोकांना हे पान असल्याचंच ठाऊक नसतं.

परकेपणा काळाचाही असतो. एकेकाळी बरोबर असलेलं पॅकेज पाया बदलल्यावर परकं होतं. २०२४च्या उबुंटू २४.०४मध्ये आणि म्हणून मिंट २२मध्ये शेकडो लायब्रऱ्यांच्या नावांपुढे ‘टी६४’ ही अक्षरं लागली. कारण गंभीर आहे. सेकंदांची मोजणी ३२ बिटांत ठेवणारी जुनी सॉफ्टवेअर्स १९ जानेवारी २०३८ला कोलमडतील, म्हणून काळ ६४ बिटांत मोजण्याचा बदल डेबियन आणि उबुंटूनं एकाच झपाट्यात केला. पण इंटरनेटवरच्या जुन्या लेखात ध्वनीच्या लायब्ररीचं जुनं नाव वाचून तीच आज्ञा मिंट २२वर देणाऱ्याला उत्तर मिळतं की, हे नाव आता आभासी आहे, दोनपैकी एक निवडा. इथे बिघाड काहीच नसतो. पत्ता बदललेला असतो आणि आपल्या हातात जुनं पाकीट असतं.

कर्नल आणि ड्रायव्हर यांच्यातली कुरबूर सगळ्यात भीतिदायक दिसते, कारण ती काळ्या पडद्याच्या रूपात येते. एन्व्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड किंवा ब्रॉडकॉमची एखादी वाय-फाय चिप असेल तर त्यांचे ड्रायव्हर कर्नलबाहेरचे असतात आणि दर नव्या कर्नलसाठी त्यांची जुळणी तुमच्या यंत्रावरच नव्यानं करावी लागते. ती फसली की नव्या कर्नलवर चित्र नाही किंवा वाय-फाय नाही. पण जुना कर्नल तिथेच असतो. संगणक सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून धरली की काय सुरू करायचं हे विचारणारी ग्रब नावाची यादी येते, तिच्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’खाली आधीचा कर्नल निवडायचा. हे ज्याला एकदा दाखवलं त्याची काळ्या पडद्याची भीती कायमची गेली, असा माझा अनुभव आहे. मग अपडेट मॅनेजरमधल्या कर्नलच्या यादीतून तो फसलेला काढायचा आणि पुढच्याची वाट पाहायची.

डिस्क कूटबद्ध करून घेतलेल्या यंत्रांवर बूटचा विभाग वेगळा आणि लहान असतो. तिथे जुने कर्नल साठत गेले की जागा संपते आणि अपडेट मध्येच तुटतं. जुने कर्नल आपोआप काढायचा पर्याय अपडेट मॅनेजरच्या पसंतींमध्ये आहे. तो चालू ठेवला की विषय संपला.

आणि एक गोष्ट तरुण मुलांसाठी, कारण ती त्यांच्याच यंत्रांवर पाहतो. कॉलेजच्या कामाला पायथनची नवी आवृत्ती हवी म्हणून सिस्टिमच्या मुळातल्या पायथनचा दुवा बदलून टाकतात. मिंटची अर्धी अवजारं, अपडेट मॅनेजरसकट, त्याच पायथनवर चालतात. मग ढालच उघडत नाही. आपल्या कामासाठी वेगळं आभासी आवरण बनवावं. घराच्या पायाच्या विटा काढून चूल मांडू नये.

काही अडथळे तर संघर्ष नसतातच. ‘लॉक मिळालं नाही’ असा संदेश आला तर बहुतेक वेळा पडद्यामागे दुसरं अपडेट चालू असतं. पाच मिनिटं थांबावं. ती लॉकची फाइल खोडून टाका, हा सल्ला सर्वत्र सापडतो आणि तो धोक्याचा आहे. दोन हात एकाच वेळी एकाच वहीत लिहू लागले तर वहीची दशा होते. तसंच ‘पॅकेजेस मागे ठेवली’ हा संदेश. उबुंटू आता बरीच अपडेट्स टप्प्याटप्प्यानं सोडतं: आधी थोड्या यंत्रांना, काही बिघडत नाही असं दिसलं की बाकीच्यांना. २२.०४पासून ॲप्टही हे टप्पे पाळतं. तुमचा नंबर लागला नसेल तर पॅकेज मागे राहतं, काही दिवसांत आपणच येतं. त्याला जबरदस्तीनं ओढून आणण्यात शहाणपण नाही. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइकचं एकच सदोष अपडेट एकाच वेळी सगळीकडे गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजानुसार ८५ लाख विंडोज यंत्रं कोसळली. विमानतळ आणि इस्पितळं अडली. तो दिवस आठवला की रांगेत उभं राहणं मला मुळीच जड वाटत नाही.

मग एक सोपा प्रश्न उरतो. एकमेकांवर अवलंबून असलेल्या हजारो पॅकेजांची ही मोळी बांधायचीच कशाला? प्रत्येक सॉफ्टवेअरला त्याच्या लायब्रऱ्यांसकट वेगळ्या डब्यात का ठेवू नये? फ्लॅटपॅक हेच करतं, आणि मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते मूळचंच आहे. जागा जास्त लागते, पण नवा व्हिडिओ एडिटर हवा असेल तर पीपीएपेक्षा फ्लॅटपॅक घ्या असं मी आता डोळे मिटून सांगतो. सिस्टिमच्या लायब्रऱ्यांना त्याचा धक्का लागत नाही. त्याच्याही पुढे जाणाऱ्या सिस्टिम्स आहेत. फेडोरा सिल्व्हरब्लूमध्ये मूळ सिस्टिम एका अखंड ठशासारखी असते. अपडेट म्हणजे नवा ठसा शेजारी तयार होतो, यंत्र पुन्हा सुरू केलं की त्यावर जायचं, जमलं नाही तर आधीच्यावर परत. क्रोमबुक आणि बहुतेक नवे अँड्रॉइड फोन साधारण असंच करतात, म्हणून फोनच्या अपडेटमध्ये कुणाला अवलंबित्वाची भांडणं दिसत नाहीत.

तरी मिंटनं उद्याच तिकडे उडी मारावी असं मला वाटत नाही. अखंड ठशाच्या सिस्टिमवर एखादा हट्टी प्रिंटर ड्रायव्हर किंवा सरकारी कामाचं डिजिटल सहीचं टोकन बसवायचं म्हटलं की नवख्याची वाट आणखी बिकट होते. आपल्याकडच्या घरगुती वापरात ही असली बारकी कामंच फार. टाइमशिफ्टसारखी मागची वाट आणि फ्लॅटपॅकसारखे वेगळे डबे, हा मिंटचा मधला मार्ग आज तरी साध्या माणसाच्या जास्त उपयोगाचा आहे. गणिताच्या बाजूनंही हालचाल आहे. एप्रिल २०२५मध्ये आलेल्या ॲप्ट ३.०मध्ये अटी जुळवणारं नवं यंत्र तयार झालं आहे, आणि काय बसणार, काय काढणार याची मांडणी रंगांत आणि रकान्यांत, डोळ्यांना दिसेल अशी केली आहे. मिंट २२ ज्या उबुंटूवर उभं आहे त्यात ॲप्टची २ची मालिका आहे, त्यामुळे तिथे ते नंतर पोहोचेल. यातली रकान्यांची सुधारणा मला गणिताइतकीच मोलाची वाटते. पॉप ओएसच्या त्या संध्याकाळी पडद्यावर नेमकं तेच नव्हतं.

डोळ्यांना दिसण्यावरून भाषेचा विषय निघतो. ॲप्टच्या संदेशांचं मराठी भाषांतर फार पूर्वी झालेलं आहे. मुंबईच्या सी-डॅकमधल्या जनभारती गटानं ते केलं. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. अवलंबित्व, खंडित पॅकेज असे शब्द घडवताना त्यांच्यापुढे तयार वाट नव्हती. पण भाषांतर एकदा करून संपत नाही. मूळ संदेश बदलला की जुनं भाषांतर गळतं आणि त्या जागी इंग्रजी ओळ उगवते. त्यामुळे मराठीत लावलेल्या यंत्रावर चूक झाली की अर्धा मजकूर मराठी आणि अर्धा इंग्रजी येतो, तोही नेमका माणूस घाबरलेला असताना. मोफत सॉफ्टवेअरसाठी काहीतरी करावं असं वाटणाऱ्या मराठी माणसाला माझी विनंती आहे की, बटणांची नावं नंतर करा, आधी चुकांचे संदेश करा. ‘खालील पॅकेजेस काढली जातील’ ही ओळ ज्या दिवशी सरळ, ठळक मराठीत येईल त्या दिवशी कित्येक डेस्कटॉप वाचतील.

त्या रात्री काकूंच्या लॅपटॉपवर मी टर्मिनल उघडलं. “तुम्ही वाचा काकू, मी टाइप करतो,” म्हटलं. ॲप्टला तुटलेलं दुरुस्त करायला सांगितलं. त्यानं हिशेब मांडला आणि विचारलं: एक पॅकेज काढायचं, बाकी कशालाही हात नाही. काकूंनी चष्मा वर सरकवून त्या एका पॅकेजचं नाव अक्षर अक्षर वाचलं. प्रिंटरच्या कंपनीचं नाव त्यात होतंच. “मग प्रिंटर बंद पडेल ना?” त्यांनी विचारलं. रास्त शंका होती. पण मिंट २१पासून नव्या प्रिंटरना बहुधा वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. यूएसबीवरूनही यंत्र त्यांच्याशी थेट बोलतं. होकार दिला. ढालीवरची फुली गेली. प्रिंटरची वायर काढून पुन्हा लावली, अर्ध्या मिनिटात तो यादीत आला आणि भिशीचा कागद खरखरत बाहेर पडला. ज्या ड्रायव्हरपायी सगळं अडलं होतं, तो मुळात नकोच होता.

निघताना मी त्यांच्या वहीत तीन ओळी लिहून दिल्या. काढायची यादी वाचा. यादीत अनोळखी नावं जास्त असतील तर ‘नाही’ म्हणा. ‘नाही’ म्हटल्यानं काही बिघडत नाही. शिक्षिकाच त्या, खाली स्वतःच्या अक्षरात तारीख घातली.

परवा दुपारी पुन्हा फोन आला. आवाजात घाई नव्हती. “ढालीवर ठिपका आलाय. बटण दाबलं तर म्हणतंय आणखी बदल होणार. नवीन बसवायची तीन. काढायची यादी नाहीच आहे. दाबते मी.” आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यांनी फोन ठेवला.